नंबर दिला, पण तिने लावलाच नाही

परभणी जिल्ह्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वस्तीवरची २६-२७ वर्षांची एक बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. पाडव्याच्या आधी टोळी परतली. बाळाचं वजन करायला आली तेव्हा ती आशाताईंजवळ बोलली: फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या भावाने जबरदस्ती केली, १९ दिवस झाले. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात. नवऱ्याला अर्धंमुर्धं कळलंय, सासूला काहीच नाही. आशाताईंनी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून दिला. चार दिवसांनी विचारलं तर ती म्हणाली, ‘लावते की ताई.’ लावलेला नाही. ‘आता मी स्वतः पोलिसात जाऊ का, का गप्प बसू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही नंबर दिलात यात काही चुकलं नाही. १८१ चालू असतो, चोवीस तास असतो. पण तो का लागला नाही, हे तिच्या घरात उभं राहून बघा. फोन बहुतेक नवऱ्याचा. दिवसभर त्याच्या खिशात, रात्री चार्जिंगला सासूच्या उशाशी. एका खोलीत पाच माणसं. ती बोलणार कुठे, आणि बोलल्यावर फोनमध्ये राहिलेल्या नंबराबद्दल विचारलं तर सांगणार काय?

मी बीड-अंबाजोगाई भागात १९ वर्षं समुपदेशनाचं काम करते. एकदा एका बाईने माझ्यासमोर कमरेची पिशवी सोडली. आत सुपारीचं खांड, दहाच्या दोन नोटा आणि आमच्याच केंद्राची चिठ्ठी, घडीवर घडी घातलेली, घामाने शाई पसरलेली. आठ महिने ती चिठ्ठी तिच्या कमरेला होती. मी विचारलं, मग आधी का नाही आलीस? ती म्हणाली, ‘कुणासंगं येऊ?’ आमच्याकडच्या बहुतेक बाया मदतीपर्यंत पोचत नाहीत त्या याच प्रश्नापाशी अडून. केंद्र आहे, कायदा आहे, नंबर आहे. सोबत यायला माणूस नाही.

आता तुमचा सरळ प्रश्न. तुम्ही परस्पर पोलिसात जाऊ नका. ती सज्ञान आहे; तक्रार द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तिने ठरवायचं. अठराच्या आतली मुलगी असती तर उत्तर वेगळं होतं, त्यावर पुढे लिहिते. पण गप्पही बसू नका. पोलीस आणि गप्प बसणं यांच्या मधे बरंच काही करण्यासारखं आहे, आणि त्यातलं पहिलं काम तुमच्याच खात्यातलं: दवाखाना.

ती बोलली तेव्हाच १९ दिवस झाले होते, म्हणजे काही गोष्टींची वेळ गेली. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी ७२ तासांत घेतलेली उत्तम, फार तर पाच दिवसांपर्यंत चालते. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. शरीरावरचे पुरावे घेण्याचा काळ साधारण चार दिवसांचा. हे तिला दोष देण्यासाठी सांगत नाही. उलट तुमच्या गटातल्या बाकी आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांच्या कानावर हे आकडे आजच घाला, म्हणजे पुढची बाई तिसऱ्या दिवसाच्या आत दवाखान्यात पोचेल. तेव्हाचे कपडे धुतले नसतील तर वाळवून सुती कापडात किंवा कागदात गुंडाळायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा खराब होतो. आणि धुतले असतील तर तिला ‘धुतलेस कशाला’ म्हणायचं नाही. अशा वेळी कोणतीही बाई आधी अंग आणि कपडेच धुते.

पण तिच्यासाठी आजही करण्यासारखं पुष्कळ आहे. तुमच्या पेटीत गर्भ तपासण्याचं निश्चय किट आहे. घटनेला तीन आठवडे होऊन गेले की त्या तपासणीवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. आता करा आणि पाळी चुकली तर आठवड्याने पुन्हा करा. एचआयव्हीची तपासणी आता एकदा आणि तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, ती मोफत होते आणि गुप्त राहते. अंगावरून जाणं, जळजळ, ओटीपोटात दुखणं, यावर औषध आहे. झोप लागत नाही, उसाच्या पाचटाचा वास आला तरी छाती धडधडते, लेकराला जवळ घ्यावंसं वाटत नाही, हेही डॉक्टरला सांगायचं. बाया हे सांगत नाहीत, ‘डोकं धरतंय’ म्हणतात आणि गोळी घेऊन परत येतात. डोकं धरतंय म्हणणारी बाई बसली असेल तर तिला जरा जास्त वेळ द्या.

गर्भ राहिलाच असेल तरी घाबरून गावठी उपाय होऊ देऊ नका. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रसंगातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत काढता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. ‘आधी एफआयआर आणा’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलंय. तक्रार द्यायचा विचार असेल तर मात्र डॉक्टरला आधी सांगायचं, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपून ठेवला जातो. एकदा तो गेला की गेला.

दवाखान्यात तिला कोणी नाकारू शकत नाही. सरकारी असो की खाजगी, अशा बाईवर तातडीचे उपचार मोफत करणं हे प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे आणि न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालय पोलिसांना कळवतं, तो त्यांचा नियम आहे. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर खाकी दिसली की तिला वाटेल तुम्ही फसवलं. पोलीस आले तरी ‘मला आत्ता तक्रार द्यायची नाही’ असं ती म्हणू शकते, डॉक्टर तसं लिहून घेतात आणि उपचार चालूच राहतात. तपासणीतल्या कोणत्याही भागाला ती नको म्हणू शकते. दोन बोटांची जुनी तपासणी कुणी करत असेल तर तो गैरप्रकार समजायचा, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितलं. आणि ‘अंगावर काही खुणा नाहीत’ हे वाक्य ऐकून खचायचं नाही. खुणा नाहीत किंवा तिने हातपाय झाडले नाहीत, एवढ्यावरून तिची संमती होती असं कायदा मानत नाही.

सखी केंद्राबद्दल. वन स्टॉप सेंटर म्हणून ही योजना २०१५ पासून आहे. कल्पना अशी की दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय हे सगळं एका छपराखाली मिळावं, बाईला पाच दारं हिंडायला लागू नयेत. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, बऱ्याचदा सिव्हिलच्या आवारात किंवा जवळ. खरं सांगायचं तर केंद्राकेंद्रात फरक आहे. कुठे रात्री दीडला आलेल्या बाईला चहा मिळतो, कुठे दिवसाही कुलूप किंवा एकटी केस वर्कर आणि समोर सहा जणी. कंत्राटावरच्या या मुली मानधनाची वाट बघत काम करतात. म्हणून मी कुणालाही नुसतं ‘सखीला जा’ म्हणत नाही. आधी तिथे फोन करायचा. ‘मी अमुक तालुक्यातली आशा बोलतेय. एका बाईला उद्या ११ वाजता घेऊन येते, नाव आत्ता सांगत नाही. तुमच्यापैकी कोण असेल?’ जी असेल तिचं नाव विचारून घ्यायचं आणि आपल्या बाईला सांगायचं, ‘तिथे अमुक ताई आहेत, त्या आपली वाट बघतायत.’ नावाने ओळखलेल्या माणसाकडे जाणं आणि पाटी वाचून आत शिरणं यात किती फरक आहे, हे तुम्हाला सांगायला नको. लसीकरणाला बाया तुमच्या तोंडाकडे बघून येतात, उपकेंद्राच्या पाटीकडे बघून नाही.

जायचा दिवस ठरवताना घरी काय सांगायचं ते तिच्याशी बोलून ठरवा. बाळाची लस, रक्त तपासणी, सोनोग्राफी, तुमच्याबरोबर जायला तिला हजार कारणं आहेत. तुमच्याइतका सहज त्या घरात जाणारा दुसरा कोणी नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा. आधार, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, असेल तर जातीचा दाखला, या सगळ्याच्या झेरॉक्स बरोबर घ्या. अंगावरच्या दूधपित्या लेकराला घेऊनच जा, मागे ठेवलं तर तिचं अर्धं लक्ष घराकडे राहील. एसटीत तिला खिडकीची जागा द्या. माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी जणी त्या प्रवासात ओकल्या आहेत. गाडी लागते म्हणून नव्हे, आता बोलावं लागणार म्हणून. वाटेत उपदेश करू नका. गप्प बसली तर बसू द्या.

आता पोलिसांचं. इथे मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. कामाला लागून दुसरंच वर्ष. तांड्यावरची एक बाई आली, सगळं सांगितलं, माझं रक्त तापलं आणि तिला त्याच दुपारी ठाण्यात नेलं. गुन्हा दाखल झाला. मला वाटलं, जिंकलो. रात्री सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माझ्याकडे तिची राहायची सोय नव्हती, विचारच केला नव्हता. दोन लेकरं घेऊन ती रात्रभर बसस्टँडवर बसली. दीड वर्षाने कोर्टात ती फितूर झाली, ‘असं काही घडलं नाही’ म्हणाली. सरकारी वकील तिच्यावर चिडले होते. मी चिडू शकले नाही. तेव्हापासून तक्रारीच्या आधी मी तीन गोष्टी विचारते: आज रात्री झोपशील कुठे? घरातलं एक तरी माणूस तुझ्या बाजूने आहे का? आणि उद्या कामाला कुणाबरोबर जाशील?

तुमच्या बाईच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली असणार, बहुतेक पुरती फिटलेलीही नसणार. मुकादमाच्या भावाविरुद्ध तक्रार दिली की उचल परत माग, पुढच्या हंगामाला घेऊ नको, बाकीच्या टोळीवाल्यांना सांगून दुसरीकडेही काम मिळू देऊ नको, हे सगळं सुरू होतं. नवऱ्याला अर्धं कळून तो गप्प आहे त्याचं कारण नुसती इज्जत असेल असं धरून चालू नका. हिशोबही असेल. त्याच्याशी बोलायचंच झालं तर बाईच्या संमतीने, आणि हिशोबापासून सुरू करा. उचल आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे देणं लागतो म्हणून तक्रार देता येत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. उचलीच्या जोरावर माणसाला बांधून ठेवणं हाच १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला उचलीचा आकडा पहिल्याच भेटीत सांगा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

ती तक्रारीला तयार झाली तर पहिली अडचण हद्दीची येईल. ‘घटना तिकडची, तिकडं जा,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकण्याआधीच माझं उत्तर तयार असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायचा. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. अशा गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत लगेच आणि मोफत मिळते. लिहून घ्यायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे, पण हे कलम ठाणेदाराच्या तोंडावर फेकू नका; तुम्हाला त्याच तालुक्यात राहायचंय. शांतपणे म्हणा, ‘साहेब, झिरोने घ्या, आम्ही थांबतो.’ मग खरंच थांबा. बहुतेक वेळा दोन तास बसलं की घेतात. नाहीच घेतलं तर लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, पोचपावतीसह. शक्यतो बाजाराच्या दिवशी जाऊ नका, ठाण्यात सगळा तालुका असतो.

जबाबाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुढे सगळं त्याच्यावर उभं राहतं. बाई म्हणते, ‘त्यानं मला हाताला धरून उसात वढलं, मी वरडले, मशीन चालू होतं.’ कागदावर येतं, ‘सदर इसमाने फिर्यादीस वाईट उद्देशाने.’ मशीनचा आवाज गेला. तो आवाजच सांगत होता की तिची ओरड कुणाला का ऐकू गेली नाही. म्हणून जबाब वाचून घ्या, तिला वाचता येत नसेल तर तुम्ही मोठ्याने वाचा, आणि राहिलेलं लिहायला लावा. सहीची घाई करू देऊ नका. दुसरी गोष्ट तारखेची. तुमच्या-माझ्यासारखी तारीख फडावर कोणी मोजत नाही. अवस जाऊन दुसरा दिवस, आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, अमुक शेतकऱ्याचा फड संपायच्या आत, असा तिचा हिशोब असतो. अंमलदार अंदाजाने एक तारीख टाकतो आणि तीन वर्षांनी आरोपीचा वकील त्याच तारखेवर तिला उलटंपालटं विचारतो. जायच्या आधी कालनिर्णय समोर ठेवून निवांत बसा. अवस कधी होती, बाजार कधी होता, त्या दिवशी किती खेपा भरल्या. कारखान्याच्या वजन पावत्यांवर तारीख असते, पोलिसांना त्या मागवता येतात. फक्त एक सांभाळा, तिच्या तोंडात शब्द घालू नका. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेच लिहू द्या.

उशीर झाला याची भीती तिला कोणी ना कोणी घालणारच. इतक्या गंभीर गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. आणि इज्जतीच्या भीतीने, घरच्यांच्या विचाराने तक्रारीला वेळ लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मान्य केलंय. उशीर का झाला तेवढं जबाबात सरळ लिहायचं: परमुलुखात होतो, टोळी सोडून येता येत नव्हतं, फोन नव्हता.

बाई अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल आणि आरोपी नसेल, तर ते पहिल्याच जबाबात यायला हवं, म्हणजे ॲट्रॉसिटीची कलमं लागतात आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्या कायद्याखाली बलात्काराच्या गुन्ह्यात ५ लाख रुपयांचं अर्थसाहाय्य आहे: अर्धं वैद्यकीय तपासणीचा अहवाल आल्यावर, पाव दोषारोपपत्राला, पाव खटल्याच्या शेवटी. जातीचा दाखला नाही म्हणून आमच्याकडे महिनोन्‌महिने फायली पडून राहिलेल्या मी बघितल्या आहेत. दाखल्याचं काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

अशा बायांना पैशाची मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, प्रकरण बघून १० लाखांपर्यंत मदत होऊ शकते आणि तिच्यातला मोठा हिस्सा मुदत ठेवीत ठेवतात. त्यासाठी एफआयआर लागतो. खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या. हे सांगायचं कारण कळलं असेलच. पैशाचा विषय तक्रारीच्या आधी मात्र काढू नका. गाव लगेच म्हणतं, ‘पैशासाठी केलं’, आणि ते वाक्य पुसता पुसत नाही.

गावाचा विषय निघालाच आहे तर गुप्ततेचं. तिचं नाव किंवा ती ओळखू येईल अशी कोणतीही माहिती छापणं, फिरवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. आमच्याकडे नाव कोणी छापत नाही. ‘अमुक तांड्यावरील ऊसतोड महिला, दोन मुलांची आई’ एवढं छापतात आणि त्या तांड्यावर तशी एकच बाई असते. तुमच्या व्हॉट्सॲप गटात ‘एक केस आहे, काय करू’ असंही टाकू नका. डायरीत, रजिस्टरमध्ये काही लिहू नका. गटप्रवर्तक ताईंना सांगायचं झालं तर बाईला विचारून, समोरासमोर आणि नावाशिवाय. मी हे लिहितानाही तुम्ही पाठवलेले काही तपशील बदलले आहेत.

आता अठराच्या आतल्या लेकरांबद्दल, कारण तुमच्याकडे तेही येणार. तिथे निवड नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळल्यावर पोलिसांना कळवणं तुम्हाला, मला, शिक्षकाला, डॉक्टरला, सगळ्यांना बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा. म्हणून लेकराला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. ‘मी हे ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन, आणि तुला आधी सांगून’ एवढंच म्हणा. मुलगा असला तरी हाच कायदा. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, वर्दीशिवाय घ्यायचा. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं, आणि समितीने लेकराला साहाय्यक व्यक्ती द्यायची, जी खटला संपेपर्यंत बरोबर राहते. ही साहाय्यक व्यक्ती आमच्या भागात कागदावरच राहते, मागितल्याशिवाय मिळत नाही. समितीकडे लेखी मागा.

आणि मग ते प्रकरण, ज्याचं सरळ उत्तर माझ्याकडेही नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहाच्या प्रमाणात परभणी आणि बीड राज्यात वरच्या रांगेत होते. फडावर जाताना वयात आलेली पोर मागे कुणाजवळ ठेवायची, या धास्तीने लग्नं उरकतात. शिवाय लग्न झालं की तो एक कोयता होतो. मग सोळा वर्षांची मुलगी पोटुशी होऊन तुमच्याकडे येते. कायद्याने ते पोक्सो आहे, लग्न झालेलं असलं तरी. रुग्णालय पोलिसांना कळवणार. हे कळल्यावर घरचे तिला दवाखान्यात आणतच नाहीत, बाळंतपण घरी, कधी खोपटात. मी काय करते ते सांगते: आधी तिचा जीव. रक्त, तपासण्या, दवाखान्यातलं बाळंतपण यांची सोय लावते. आणि कायद्याने कळवायचं ते कळवते, पण त्याच दिवशी बालकल्याण समितीशी बोलून ठेवते, म्हणजे मुलीकडे नुसते पोलीस न जाता समितीचं माणूसही जाईल. यात दरवेळी कुणीतरी माझ्यावर नाराज होतं. कधी घरचे, कधी पोलीस, एकदोनदा ती मुलगीच.

गुन्हा दाखल झाल्यावर सगळे सुटल्यासारखे आपापल्या घरी जातात. माझ्या अनुभवात बाया तुटतात त्या नंतर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आरोपीचा जामीन, भावकीची बैठक, ‘मिटवून घ्या, दोघांच्या घरी लेकरं आहेत.’ तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तिला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते विचारत राहा. जामिनाला तिलाही विरोध मांडता येतो, वकिलाला तारखेवर लक्ष ठेवायला सांगा. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. समन्स येतं ते कुलूप लावलेल्या घरावर. पोलीस ‘मिळून आली नाही’ असा शेरा मारतात, तारीख पुढे जाते, दोनदा-तीनदा असं झालं की प्रकरण थंड पडतं. ती पुन्हा बाहेर जाणार असेल तर निघायच्या आधी वकिलामार्फत कोर्टाला कळवा, कारखान्याचा पत्ता आणि चालू मोबाईल नंबर द्या. साक्ष व्हिडिओवरून घेण्याची तरतूद नव्या संहितेत आहे, तसा अर्ज करता येतो. साक्ष बंद दाराआड होते हेही तिला सांगा. सगळ्या गावासमोर बोलावं लागेल या भीतीने रात्ररात्र जागणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

तुमच्या गावात हे सगळं होईलच असं नाही. कदाचित ती दवाखान्यापर्यंत येईल आणि तक्रार नको म्हणेल. मग तेवढंच. तिची तीन महिन्यांची एचआयव्ही तपासणी तुमच्या लक्षात राहू द्या, आणि बाळाच्या लसीच्या निमित्ताने घरी जात राहा. तक्रारीला मुदत नाही. मी एका बाईबरोबर सव्वादोन वर्षांनी ठाण्यात गेले आहे.

उद्या एवढंच करा. निश्चय किट घेऊन तिच्याकडे जा, सासू घरात असेल तर बाळाचं कार्ड बघायला म्हणून बाहेर ओट्यावर बोलवा. ‘नंबर लावलास का’ असं विचारू नका. ‘गुरुवारी मला सिव्हिलला जायचंय, येतेस का माझ्यासंगं?’ असं विचारा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी डेपोत विचारून ठेवा. तिला अंधार पडायच्या आत घरी पोचायला लागेल.